कौल मातीचे की काँक्रीटचे?

मे महिना सरत आला आणि मृग नक्षत्र जवळ आले, म्हणजे कोकणातील खेड्यापाड्यांतून शाकारणीची लगबग सुरू होते. माणसे छपरावर चढतात, एकेक कौल उचलून झाडतात, त्याखाली साचलेला पालापाचोळा काढून टाकतात आणि फुटलेल्या कौलाच्या जागी चांगले कौल बसवतात. खाली उभे राहून वर कौले देणाऱ्या मुलांना या कामाची मोठी गंमत वाटते. परंतु वडील माणसांचे लक्ष आकाशाकडे लागलेले असते. पहिला पाऊस येण्यापूर्वी छप्पर पुरे झाले नाही, तर घरातील धान्य, अंथरूण-पांघरूण, मुलांची पुस्तके यांपैकी काहीच सुरक्षित राहत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

छपरावर पडणारे पाणी किती असते, याचा हिशेब आपण क्वचितच करतो. कोकणातील पुष्कळ ठिकाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर पाऊस पडतो. एखाद्या घराच्या छपराने ८५ चौरस मीटर जमीन झाकली आहे असे धरले, तर एका पावसाळ्यात त्या छपरावर २५५ घनमीटर, म्हणजे अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. हे सारे पाणी थेंबभरही आत न येऊ देता पागोळ्यांवाटे अंगणात सोडून द्यावयाचे, हे कौलांचे काम आहे.

आता अशी कल्पना करू या की, रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेले एक जुने घर आहे. घराला ऐंशी वर्षे झाली आहेत. छपराच्या दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ मिळून १०० चौरस मीटर भरते. गेली दोन-तीन वर्षे माजघरात गळती लागते. यंदा छपराचे काम करावयाचेच, असे ठरले आहे. घरातील थोरले बंधू म्हणतात, "पूर्वीप्रमाणे मातीचीच कौले घालू." धाकटे बंधू शहरात राहतात, ते म्हणतात, "काँक्रीटची कौले घालू. ती सारख्या मापाची असतात आणि लवकर फुटत नाहीत." साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार आहेत आणि त्या छपराखाली आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना पुढील कित्येक वर्षे निजावयाचे आहे. अशा वेळी कोणाचे ऐकावे? दोघांचेही म्हणणे तपासून पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

प्रथम छपराची रचना लक्षात घेऊ. उतरत्या छपराच्या माथ्यावर जे आडवे लाकूड असते, त्याला आढे म्हणतात. आढ्यापासून भिंतीपर्यंत दोन्ही बाजूंना तिरपे उतरणारे ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे रिपा. कौल या रिपांना अडकून बसते. म्हणजे कौलाचा भार रिपेवर, रिपेचा वाशावर, वाशाचा आढ्यावर व भिंतीवर, आणि शेवटी सगळ्यांचा पायावर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त कौले दिसतात. परंतु त्यांचे ओझे वाहणारे हे सारे गडी आत उभे असतात. कौलाचा विचार करताना त्यांना विसरून चालत नाही.

मातीची कौले आपल्याकडे फार जुनी. पूर्वी गावचा कुंभारच ती घडवीत असे. चाकावर तो मातीची नळी उठवी, तिचे उभे दोन भाग करी आणि वाळल्यावर ती भट्टीत भाजून काढी. यांनाच नळीची कौले म्हणत. एक ओळ उताणी व तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी, अशी ती रचीत. ती हातची असल्यामुळे एकासारखे दुसरे नसे. वारा, उंदीर आणि माकडे यांच्यामुळे ती जागची हलत. म्हणून दर वर्षी सगळे छप्पर उचलून पुन्हा रचावे लागे.

यानंतर आली ती मंगळुरी कौले. १८४१ मध्ये फ्रान्समधील अल्सेस प्रांतातील गिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणारी कौले तयार केली होती. आपल्या देशात या जातीच्या कौलांचा कारखाना १८६५ मध्ये मंगळूर येथे निघाला. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराच्या मिशनची माणसे १८३४ पासून मंगळुरात काम करीत होती. त्यांपैकी जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थांनी नेत्रावती नदीकाठची चिकण माती पारखली आणि जेप्पू येथे हा कारखाना काढला. पुढे तेथे अनेक कारखाने उभे राहिले आणि त्यांची कौले जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येऊ लागली. आजही एखाद्या जुन्या कौलाची मागची बाजू पाहिली, तर तिच्यावर कारखान्याचे नाव उठवलेले आढळते.

मंगळुरी कौल सपाट दिसत असले, तरी त्याची घडण विचारपूर्वक केलेली असते. त्याच्या एका कडेस खाच असते व दुसऱ्या कडेस कंगोरा. शेजारच्या कौलाचा कंगोरा या खाचेत बसतो. फटीतून पाणी आत शिरलेच, तर ते खाचेतून वाहत जाऊन खालच्या कौलावर पडते. घरात येत नाही. खालच्या अंगास रिपेला अडकणारे उंचवटे असतात, त्यामुळे कौल घसरत नाही. मात्र पाणी वेगाने वाहून जावे म्हणून छपराला पुरेसा उतार हवा. आडव्या दोन मीटर अंतरास निदान एक मीटर चढ असावा, असा साधारण नियम आहे. उतार कमी असेल, तर उत्तम कौलही गळते आणि दोष मात्र बिचाऱ्या कौलाच्या माथी येतो!

हे कौल तयार कसे होते? चिकण माती मळून तिच्यातील खडे काढतात, तिच्या वड्या साच्यात दाबून कौलाचा आकार देतात आणि ती सावलीत हळूहळू सुकवतात. सुकताना माती आकसते. घाई केली, तर कौल तडकते अथवा वाकडे होते. नंतर भट्टीत सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेत ते भाजतात. या उष्णतेने मातीचे कण एकमेकांना कायमचे चिकटतात. ओल्या मातीचा गोळा पाण्यात विरघळतो. पण भाजलेले कौल शंभर पावसाळे पाहूनही विरघळत नाही. मातीत लोहाचा अंश असतो, त्याचा भट्टीत संयोग होऊन कौलाला तांबडा रंग येतो. हा रंग वरून दिलेला नसून आरपार असतो. म्हणून मातीचे कौल फोडले, तरी आतही ते तांबडेच दिसते.

काँक्रीटच्या कौलाची कथा निराळी आहे. इंग्लंडमधील लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे त्याच शतकाच्या मध्यास जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात सिमेंटची कौले करण्यास आरंभ झाला. वाळू, सिमेंट, पाणी आणि थोडा रंग यांचे मिश्रण साच्यात दाबले, की कौलाचा आकार तयार होतो. त्याला भट्टीची गरज नसते. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन ते दगडासारखे कठीण बनते. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. मातीचे कौल भट्टीत घालण्यापूर्वी पूर्ण कोरडे करावे लागते. काँक्रीटचे कौल मात्र पहिले काही दिवस ओले ठेवावे लागते. पाणी लवकर उडून गेले, तर सिमेंटचा संयोग अपुरा राहतो आणि कौल ठिसूळ होते.

आता दोघा बंधूंच्या म्हणण्याकडे वळू. काँक्रीटची कौले सारख्या मापाची असतात, हे धाकट्या बंधूंचे म्हणणे खरे आहे. ती भट्टीत जात नसल्यामुळे आकसत नाहीत की वाकडी होत नाहीत. एकाशेजारी एक ती नीट बसतात. चांगल्या मिश्रणाची आणि पुरेशी ओली ठेवलेली असतील, तर ती मजबूतही असतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचेही त्यांना फारसे भय नसते. काँक्रीटच्या तुळईत लोखंडी सळया असतात आणि खारी हवा त्या सळयांना गंजवते. कौलात सळई नसते, म्हणून तो धोकाही नसतो.

मातीच्या कौलाची परीक्षा खाऱ्या हवेत कठीण होते. कौल कच्चे भाजलेले असेल, तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांत खारट ओलावा शिरतो. पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक आत राहतात. हे स्फटिक वाढू लागले, म्हणजे कौलाचे पापुद्रे सुटतात. चांगल्या भाजलेल्या कौलात मात्र छिद्रे कमी व कण घट्ट असल्यामुळे ते हा मारा पुष्कळ काळ सहन करते. म्हणून समुद्राजवळ राहणाऱ्याने 'मातीचे कौल' एवढेच न विचारता 'पक्के भाजलेले कौल' मागावे.

रंगाच्या बाबतीत थोरल्या बंधूंची बाजू वरचढ ठरते. मातीच्या कौलाचा तांबडा रंग भट्टीने दिलेला असल्यामुळे तो उन्हाने जात नाही. काँक्रीटच्या कौलाचा रंग मिश्रणात घातलेला अथवा वरून दिलेला असतो. ऊन-पावसाने वरचा सिमेंटचा पातळ थर झिजतो, वाळूचे कण उघडे पडतात आणि कौल फिके दिसू लागते. शेवाळ मात्र दोघांवरही धरते. कोकणच्या पावसात त्यातून कोणाचीच सुटका नाही.

उन्हाळ्यात कोणते घर थंड राहील? माठातील पाणी गार का होते, हे तुम्ही शिकला आहात. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पाऊस पडून ऊन पडले, म्हणजे मातीच्या कौलावरही हेच घडते. तथापि भर उन्हाळ्यात कौल कोरडे असते, तेव्हा हा लाभ मिळत नाही. त्या वेळी खरे काम करतात त्या कौलांमधील बारीक फटी. आढ्याखाली साठलेली गरम हवा त्यांतून बाहेर पडते. या फटी दोन्ही जातींच्या छपरांत असतात. गडद रंगाचे कौल अधिक तापते, मग ते कशाचेही असो. म्हणून थंडाव्याच्या बाबतीत कौलाच्या जातीपेक्षा त्याचा रंग आणि हवेची वाट यांकडे अधिक लक्ष द्यावे.

राहिला प्रश्न वजनाचा. येथे त्या घरातील एका शाळकरी मुलीने एक उपयोगी गोष्ट केली, असे समजा. तिने वाण्याकडून तराजू आणला आणि छपरावरून उतरवलेले एक चांगले, कोरडे मंगळुरी कौल तोलले. ते अडीच किलोग्रॅम भरले. मग तिने ते रात्रंदिवस, म्हणजे पुरे चोवीस तास, पाण्याच्या हंड्यात बुडवून ठेवले आणि पुसून पुन्हा तोलले. आता ते २.९ किलोग्रॅम भरले. म्हणजे कौलाने ०.४ किलोग्रॅम पाणी, आपल्या वजनाच्या १६ टक्के, पिऊन घेतले होते. दुसरे एक फिकट रंगाचे कौल कोरडे असताना २.४ किलोग्रॅम होते. भिजल्यावर ते तीन किलोग्रॅम झाले. त्याने २५ टक्के पाणी प्यायले! धाकट्या काकांनी नमुन्यासाठी आणलेले काँक्रीटचे कौल कोरडे साडेचार किलोग्रॅम व भिजल्यावर ४.८ किलोग्रॅम भरले. पाणी कमी, पण मूळचे वजनच अधिक.

तिने पाटीवर हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ मंगळुरी कौले लागतात. काँक्रीटची कौले आकाराने मोठी असल्यामुळे सुमारे १० पुरतात. तेव्हा १०० चौरस मीटरला मातीची १५०० कौले, त्यांचे वजन ३७५० किलोग्रॅम. काँक्रीटची १००० कौले, त्यांचे वजन ४५०० किलोग्रॅम. फरक ७५० किलोग्रॅमचा, म्हणजे साठ किलोग्रॅमची बारा माणसे रात्रंदिवस छपरावर बसून राहावीत इतका! कौले पूर्ण भिजली असता मातीचे छप्पर ४३५० व काँक्रीटचे ४८०० किलोग्रॅम होते; फरक कमी होतो, पण राहतोच. आणि सारी कौले त्या फिकट कौलासारखी कच्ची निघाली, तर भिजल्यावर त्यांचेही वजन ४५०० किलोग्रॅमवर जाते. कच्चे कौल स्वस्त मिळाले, म्हणून आणणारा माणूस आपल्या वाशांवर पाण्याचे ओझे लादीत असतो.

एवढा भार त्या घराला पेलेल काय? याचे उत्तर थोरल्या बंधूंनाही ठाऊक नव्हते आणि धाकट्यांनाही नव्हते. ते सांगितले सुताराने. त्याने कौलांकडे पाहिलेच नाही. माळ्यावर चढून त्याने एकेक वासा हातोडीने ठोकला आणि जेथे आवाज पोकळ आला तेथे टोचा खुपसून पाहिला. भिंतीवर टेकलेल्या टोकांशी, जेथे वर्षानुवर्षे पाणी झिरपले होते, तेथे काही वाशांत टोचा लोण्यात जावा तसा गेला. वाळवीने ते आतून पोखरले होते. खाली उतरून तो म्हणाला, "कौल कोणते घालायचे हे मागाहून ठरवा. आधी हे सात वासे बदला. नाही तर मातीचे छप्परही धोक्याचेच आहे."

सुताराचे हे बोलणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नवे, पक्के वासे असतील, तर काँक्रीटच्या कौलांचा वाढीव भार जड नाही. परंतु हलक्या कौलांसाठी उभारलेल्या आणि वयाने थकलेल्या लाकडांवर जड कौले चढवली, तर वासे हळूहळू वाकतात. वासे वाकले, की कौलांचे सांधे उघडतात. सांधे उघडले, की पाणी शिरते. पाणी शिरले, की लाकूड कुजते. म्हणून जुन्या घरावर जड कौले घालण्यापूर्वी जाणत्या सुताराला किंवा अभियंत्याला छप्पर दाखवणे अवश्य आहे.

मग जड कौल वाईट, असे म्हणावयाचे काय? तसेही नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतील कित्येक घरांची कौले आणि पत्रे त्या दिवशी उडून गेले. वारा छपराला केवळ ढकलत नाही. छपरावरून वेगाने जाताना तो कौलांना वर ओढतो, विशेषतः कडांजवळ आणि आढ्याजवळ. जड कौल अशा ओढीला अधिक टिकाव धरते. परंतु केवळ वजनावर विसंबणेही बरे नाही. कडेची आणि आढ्याजवळची कौले तारेने अथवा स्क्रूने रिपांशी जखडली असतील, तर हलकी कौलेही पुष्कळदा जागेवर राहतात. जखडलेले हलके कौल हे मोकळ्या जड कौलापेक्षा भरवशाचे.

आणखी एक विचार आजच्या काळात टाळता येत नाही. कौल कोठून येते आणि त्याच्यासाठी निसर्गाला काय द्यावे लागते? मातीच्या कौलासाठी चिकण माती लागते आणि ती बहुधा नदीकाठी व भातशेतीच्या सखल जमिनीत मिळते. माती बेसुमार काढली, तर शेतात खड्डे पडतात. केरळ राज्याने २००८ मध्ये भातजमिनी व पाणथळ जागा यांच्या रक्षणासाठी कायदा केला, त्यामागे अशाच जमिनी वाचवण्याचा हेतू होता. शिवाय मातीचे प्रत्येक कौल भाजण्यासाठी इंधन जळते. काँक्रीटचे कौल स्वतः भट्टीत जात नाही. पण त्यातील सिमेंट गेलेले असते. सिमेंट करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. शुद्ध चुनखडी १०० किलोग्रॅम भाजली, तर तिच्यातून ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो; इंधनाचा धूर वेगळाच. पृथ्वीचे तापमान वाढवणारा हा वायू आहे. तेव्हा एका कौलाला निर्दोष आणि दुसऱ्याला दोषी ठरवण्यात अर्थ नाही. निसर्गाच्या दृष्टीने सर्वांत चांगले कौल कोणते? जे आधीच भाजलेले आहे, अजून पक्के आहे आणि उगाच फेकून दिले जात नाही, ते!

त्या घरच्या मंडळींनी शेवटी काय केले, ते ऐका. त्यांनी प्रथम सात वासे बदलले आणि कुजलेल्या रिपा काढल्या. मग जुनी कौले अंगणात मांडून एकेकाची परीक्षा घेतली. पक्के कौल बोटाच्या पेराने वाजवले, म्हणजे खणखणीत आवाज येतो. तडकलेले किंवा कच्चे असेल, तर तो बद्द येतो. मुलांनी दिवसभर कौले वाजवून पाहिली. पंधराशेंपैकी हजार कौले चांगली निघाली. उरलेली पाचशे नवीन आणावयाची होती. येथे थोरल्या बंधूंनी एक शहाणपण केले. दोन कारखान्यांची मंगळुरी कौले दिसण्यात सारखी असली, तरी त्यांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असे नाही. म्हणून त्यांनी जुने कौल सोबत नेले, नव्या कौलात बसवून पाहिले आणि मगच माल मागवला. तो बेतशीर न आणता पन्नास कौले जास्त आणली व पडवीत रचून ठेवली. पुढे माकडांनी एखादे कौल फोडले किंवा नारळाच्या झावळीखाली एखादे सापडले, तर त्याच मापाचे कौल हाताशी असावे, हा हेतू. हजार जुनी कौले कामी आल्यामुळे साठवलेल्या पैशांतून थोडे शिल्लकही राहिले.

आणि धाकटे बंधू? त्यांनी पुढच्याच वर्षी शहराजवळ आपले लहानसे घर बांधले. तेथे छपराचा सांगाडा लोखंडाचा आणि नवा होता. काँक्रीटच्या कौलांचे वजन धरूनच अभियंत्याने तो आखला होता. काँक्रीटची कौले करणारा कारखाना जवळच होता. मातीची कौले मात्र दुरून ट्रकने आणावी लागली असती. म्हणून त्यांनी तेथे काँक्रीटची कौले घातली, आणि तेही योग्यच केले. कौलाची किंमत कारखान्याच्या दारात नव्हे, तर आपल्या दारात मोजावी लागते.

दोन भावांनी दोन निराळी कौले निवडली. तरी दोघांनी विचार मात्र एकाच क्रमाने केला. आधी सांगाड्याची ताकद, मग उतार, मग तेथील पाऊस, वारा आणि खारी हवा, त्यानंतर कौलाचा पक्केपणा व ते पुन्हा मिळण्याची सोय, आणि सगळ्यांच्या शेवटी रंग व रूप. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात आणि रंग पाहून कौल निवडतात. रंग तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो. वाशाची ताकद मात्र माळ्यावर चढल्यावाचून कळत नाही.

कोकणात अडचणीच्या वेळी देवाला कौल लावण्याची चाल आहे. घरासाठी कौल निवडताना मात्र तराजू, टोचा आणि बोटाचे पेर यांनाच कौल लावावा. ते कोणाचीही भीड धरीत नाहीत. त्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस धो धो कोसळला, तेव्हा आजी माजघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिली. दरवर्षी जेथे ती पातेले मांडून ठेवी, ती जागा कोरडी होती. तिने पातेले उचलले आणि स्वयंपाकघरात नेऊन फळीवर ठेवले.

स्वाध्याय

१. छपराचा भार कौलापासून पायापर्यंत कसा पोहोचतो, ते क्रमाने लिहा.
२. कच्चे भाजलेले कौल समुद्रकाठी लवकर का खराब होते?
३. "आधी हे सात वासे बदला," असे सुतार का म्हणाला?
४. एक कोरडे कौल २.६ किलोग्रॅम व भिजल्यावर ३ किलोग्रॅम भरले. त्याने आपल्या वजनाच्या सुमारे किती टक्के पाणी शोषले?
५. तुमच्या घराचे किंवा शाळेचे छप्पर कशाचे आहे? ते तेथील हवामानास योग्य आहे काय, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.